‘पुट अप’ : लावायचं, सादर करायचं की सोसायचं?

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे मराठी शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण हे दोन शब्द जोडीने आले की पदवीधर माणूसही थबकतो. इंग्रजीत नोटीस ‘पुट अप’ होते, तंबू होतो, घरभाडं होतं, निवडणुकीतला उमेदवार होतो आणि रात्रीपुरता आलेला पाहुणाही होतो. पुढे ‘विथ’ लागलं की ठेवण्याचा नि वरचा काही संबंधच उरत नाही. अर्थ होतो चालवून घेणं, सोसणं.

क्रियापद आणि त्याच्यामागून येणारा छोटा शब्द मिळून जो वेगळाच अर्थ तयार होतो, त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात हे नाव वापरलं आणि ते आपल्याला कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं नोंदवलं. नाव शंभर वर्षांचं असलं तरी अडचण त्याहून जुनी आहे. १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सन यांनीच लिहून ठेवलं आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जाते ती क्रियापदाला असा शब्द जोडण्याची ही रीत.

मराठी माणसाने ही रीत कशी शिकावी? शिकावी की टाळावी? याबद्दल दोन प्रामाणिक मतं ऐकू येतात. ती इथे मामा आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. मामा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. भाची परदेशी नोकरीसाठी निघालेल्या परिचारिकांना इंग्रजी शिकवणारी. माणसं कल्पित आहेत, मुद्दे मात्र खरे आहेत.

मामा : ‘टॉलरेट’ हा एक नेमका शब्द हाताशी असताना ‘पुट अप विथ’ असे तीन तुकडे पोरींच्या गळ्यात कशाला मारतेस? ‘पोस्टपोन’ असताना ‘पुट ऑफ’ कशाला? एका अर्थाला एक शब्द असला की चूक होत नाही. मी सारी नोकरी अशाच इंग्रजीवर केली आणि माझ्या टिपणीचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

भाची : तुमचं लिहिणं तसं निभावलं, मामा. आपण काय बोलायचं हे आपल्या हातात असतं, समोरच्याने काय बोलायचं हे नसतं. माझी विद्यार्थिनी उद्या ब्रिटनमधल्या एखाद्या वॉर्डात उभी राहील. सत्तरीचा पेशंट तिला ‘आय हॅव टॉलरेटेड धिस पेन’ असं सांगणार नाही. तो म्हणेल, ‘आय हॅव बीन पुटिंग अप विथ धिस पेन फॉर वीक्स.’ कित्येक आठवडे हे दुखणं तसंच अंगावर काढतोय, असं तो सांगतोय. तिला ‘पुटिंग’ आणि ‘अप’ एवढंच कळलं, तर दुखणं कधीपासूनचं आहे ही महत्त्वाची गोष्ट नोंदीतून निसटेल. मागून वरिष्ठ नर्स म्हणेल, ‘कुड यू पुट अप अ ड्रिप?’ म्हणजे सलाइन लावायचं. एका तासात तेच दोन शब्द दोन वेगळ्या कामांसाठी तिच्या कानावर पडणार. टाळायची सोय तिला नाहीच.

मामा : ऐकण्यापुरतं मान्य. मग सरळ यादी दे आणि पाठ करून घे. स्पर्धा परीक्षेची मुलं तेच करतात. एमपीएससीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ आहेतच. तालुक्याच्या गावात इंग्रजी बोलणारं कोणी नसतं. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं. २००० सालापासून ते मराठी शाळांत पहिलीपासून आलं, पण शाळेबाहेर ते किती मुलांच्या कानावर पडतं? आमच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली आणि त्यातून इंग्रजी उभं केलं. यादी गरिबाची असते. तिला नावं ठेवू नकोस.

भाची : यादीला नावं ठेवत नाही. यादी कुठवर नेते तेवढं बघू या. वहीत ‘पुट अप’ लिहा आणि समोर अर्थ मांडा : लावणे, उभारणे, वाढवणे, वर करणे, उभा करणे, सोय करणे, सादर करणे, देणे. आठ तर झालेच. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहातून सर्वांत जास्त येणारी शंभर फ्रेझल व्हर्ब्स काढली. त्या शंभरांचे मिळून ५५९ अर्थ भरले, म्हणजे एकेकाला सरासरी साडेपाचाहून जास्त. शंभर ओळींची यादी पाठ करायला बसलेल्या मुलाने खरं तर साडेपाचशे ओळी पाठ करायच्या असतात. आणि त्या केल्या तरी आठातला कोणता अर्थ कुठे, हे यादी सांगत नाही.

मामा : मग कोण सांगतं?

भाची : सोबतीला आलेलं नाम सांगतं. ‘पुट अप अ टेंट’ म्हटलं की तंबू उभारायचा. ‘पुट अप अ नोटीस’ म्हटलं की नोटीस भिंतीवर लावायची. ‘पुट अप द रेंट’ म्हणजे घरमालकाने भाडं वाढवलं. ‘पुट अप युवर हँड’ म्हणजे हात वर कर. ‘पुट अप अ कँडिडेट’ म्हणजे पक्षाने उमेदवार उभा केला. ‘पुट अप द मनी’ म्हणजे एखाद्या कामासाठी पैसे घातले. ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे सहजासहजी हार न मानता झुंज दिली. ‘पुट’ आणि ‘अप’ तेच आहेत. बदलली ती सोबत. म्हणून मी मुलींना सांगते, ‘पुट अप’चा अर्थ लिहू नका, ‘पुट अप अ नोटीस’चा लिहा. नामासकट उचललं की अर्थ आपोआप ठरतो.

मामा : म्हणजे तुझीही यादीच झाली की.

भाची : यादीच, पण जोड्यांची. आणि त्या जोड्यांना एक सूत्र आहे. ‘अप’ म्हणजे खालून वर, एवढं धरून चला. तंबू आणि हात खरोखर वर जातात. भाड्याचा आकडा वर जातो. नोटीस वर लागते म्हणजे दहा जणांच्या नजरेसमोर येते. उमेदवारही लोकांसमोर येतो. वर जाणं, वाढणं आणि समोर येणं, या तीन घरांत बहुतेक अर्थ बसतात. घर ओळखता आलं की नवं वाक्यही परकं वाटत नाही.

मामा : हे मला पटतंय, कारण आमच्या कार्यालयात तेच घडायचं. फाइल ‘पुट अप’ करायची म्हणजे ती खरंच वर जायची. सहायक टिपणी लिहायचा, ती कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून अवर सचिव, उपसचिव, सचिव. साहेबांचा शेरा यायचा, ‘प्लीज पुट अप.’ मराठीत आम्ही लिहायचो ‘सादर करावे’. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठीतून काम वाढलं, भाषा संचालनालयाने ‘प्रशासन वाक्प्रयोग’ हा कोश दिला, तरी तोंडात मात्र ‘फाइल पुटप केली का?’ हेच राहिलं. आता सांग, हे चूक आहे का? इंग्रज असं म्हणत नाही म्हणून?

भाची : चूक मुळीच नाही. समोर येणं, वरिष्ठांच्या नजरेपुढे जाणं, या घरातलाच तो अर्थ आहे. आपल्या कचेऱ्यांनी तो पक्का केला आणि सबंध देशात तो कळतो. फक्त तो आपल्या कचेरीपुरता आहे हे माहीत हवं. लंडनच्या कार्यालयात ‘आय विल पुट अप द फाइल’ म्हटलं, तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. तिथे ‘सबमिट’ म्हणायचं.

मामा : पण या शेऱ्यात एक गंमतीची जागा आहे, बघ तुझ्या कामाची आहे का. साहेब लिहायचे, ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.’ म्हणजे मागील कागदपत्रांसह सादर करा. तू तर म्हणतेस ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं.

भाची : फार मोलाचं उदाहरण दिलंत. अक्षरं तीच, बांधणी वेगळी. तुमच्या शेऱ्यात ‘पुट अप’ हे क्रियापद आहे आणि ‘विथ’ हा पुढच्या कागदांचा ‘सह’ आहे. काय सादर करायचं ते, म्हणजे फाइल, मनात धरलेलं आहे. ‘पुट द फाइल अप विथ प्रीव्हियस पेपर्स’ असं पुरं वाक्य केलं की ‘विथ’ वेगळं पडलेलं लगेच दिसतं. सोसण्याच्या अर्थात मात्र ‘पुट अप विथ’ हे तिन्ही शब्द मिळून एकच क्रियापद आहे. त्यांच्यामध्ये कर्म घालता येत नाही. ‘आय पुट अप विथ द नॉइज’ बरोबर, ‘आय पुट द नॉइज अप विथ’ कधीच नाही. यादी पाठ केलेल्या मुलाला हा भेद कोणी सांगत नाही.

मामा : कर्म कुठे घालायचं, याचा नियम आहे काही?

भाची : आहे, आणि फ्रेझल व्हर्बमधली सर्वांत जास्त चुकणारी जागा तीच आहे. दोन शब्दांच्या ‘पुट अप’मध्ये नाम मध्येही चालतं, शेवटीही चालतं. ‘पुट अप द नोटीस’ म्हणा किंवा ‘पुट द नोटीस अप’ म्हणा. पण नामाऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. ‘पुट इट अप.’ ‘पुट अप इट’ म्हणायचं नाही. पाहुण्याच्या अर्थातही तसंच, ‘वुई कॅन पुट यू अप फॉर द नाइट’, आजची रात्र आमच्याकडे तुमची सोय होईल. तीन शब्दांच्या ‘पुट अप विथ’मध्ये मात्र नाम असो की सर्वनाम, ते शेवटीच येणार. ‘आय कान्ट पुट अप विथ इट.’

आपली माणसं इथे का चुकतात याचं एक कारण मला मराठीतच सापडतं. आपण ‘पिकअप’, ‘बॅकअप’, ‘चेकआऊट’, ‘टॉपअप’ असे शब्द अख्खेच्या अख्खे उचलले आणि मागे ‘करणे’ किंवा ‘घेणे’ लावलं. ‘मला सहा वाजता पिकअप कर.’ मराठीत हे अगदी नीट चालतं. पण त्यामुळे ‘पिकअप’ ही आपल्या डोक्यात एक न तुटणारी वस्तू झाली. इंग्रजी बोलताना तीच वस्तू पुढे येते आणि ‘पिकअप मी’ असं वाक्य तोंडातून जातं. इंग्रजीला ती मध्ये उघडून हवी असते, ‘पिक मी अप’.

मामा : फाइल ‘पुटप’ करणाऱ्यांचंही तेच झालं असणार. बरं, आता मूळ प्रश्न. तंबू, भाडं, नोटीस यांत वर जाणं दिसतं. सोसण्यात काय वर जातं? इथे तुझी घरं कोसळतात. हा अर्थ पाठच करावा लागतो.

भाची : आजच्या इंग्रजीपुरतं बोलाल तर हो, तो पाठच करावा लागतो. पण मागे गेलं तर वाट दिसते. जुन्या इंग्रजीत ‘पुट अप’चा आणखी एक अर्थ होता, आत ठेवून देणं, आवरून ठेवणं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पीटरला तलवार म्यानात घालायला सांगतो ते याच शब्दांत. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये बेनव्होलिओ भांडणाऱ्यांना तलवारी आवरायला सांगतो तेही याच शब्दांत. आणि त्याच शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मध्ये रॉडरिगो म्हणतो की झालेली फसवणूक मी आता गुपचूप गिळणार नाही. तिथेही ‘पुट अप’च आहे आणि मागे ‘विथ’ नाही. अपमान बाहेर न काढता आत ठेवायचा म्हणजे तो सोसायचा. ‘विथ’ त्याला नंतर चिकटलं.

मामा : ‘ऑथेल्लो’ म्हणजे आमच्या देवलांनी ज्याचं ‘झुंझारराव’ केलं ते. रॉडरिगोला इयागो खेळवतो आणि तो सोसत राहतो. मग त्या पात्राच्या तोंडी हा शब्द अगदी जागेवर आहे. पण एवढा इतिहास परिचारिकेला सांगून काय उपयोग?

भाची : सगळ्यांना सांगत नाही. पण हे शब्द उगाच कोणी कसेही जोडलेले नाहीत, त्यांना वंशावळ आहे, एवढं कळलं तरी मुलींची भीती कमी होते. खरा उपयोग होतो तो मराठीचा.

मामा : मराठीचा? मराठीत फ्रेझल व्हर्ब कुठे आहे? १९८५ साली डागुट आणि लाउफर या संशोधकांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला होता, तूच मागे सांगितलं होतंस. हिब्रूत ही रीत नाही म्हणून ती मुलं फ्रेझल व्हर्ब टाळून एका शब्दाचं क्रियापद धरतात. आपलंही तेच.

भाची : अगदी तेच नाही. ‘लिही’ हे एक क्रियापद घ्या. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून टाक, लिहून काढ. पाचांत लिहिणं तेच आहे, पण पाचांचा अर्थ एक नाही. ‘लिहून दे’मध्ये दुसऱ्यासाठी लिहिणं आहे, कधी कबुली आहे. ‘लिहून टाक’मध्ये एकदाचं मोकळं होणं आहे. ‘लिहून काढ’मध्ये सगळं, शेवटपर्यंत लिहिणं आहे. यात ‘टाक’चा कोशातला अर्थ घेऊन काही फेकायला निघालं तर? मराठी शिकणारा परदेशी माणूस इथे तितकाच गोंधळतो. आपण यांना संयुक्त क्रियापदं म्हणतो आणि दिवसभर वापरतो. मुख्य शब्दाला एक छोटा सोबती देऊन त्याच्या अर्थाला वळण लावणं हे आपल्या कानाला जन्मापासून माहीत आहे. इंग्रजीत सोबती क्रियापद नसून ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’ असतात, एवढाच फरक. ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणं, ‘स्टँड आऊट’ म्हणजे उठून दिसणं.

मामा : पण यातून मुलांनी ‘अप’ म्हणजे ‘टाकणे’ असा नवा तक्ता करायला नको. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं झालं, तरी ‘गेट अप’ म्हणजे उठून टाकणं नव्हे.

भाची : बरोबर. शब्दाला शब्द लावायचा नाही, रीत तेवढी ओळखायची. आणि अर्थ शोधताना मराठीतलं पहिलं सापडलेलं क्रियापद घ्यायचं नाही. ‘पुट अप विथ’ला पाठ्यपुस्तकात समोर लिहिलेलं असतं ‘सहन करणे’. हा अर्थ चुकीचा नाही, पण मोठा आहे. मुलाचा मृत्यू आईने सहन केला, असं आपण म्हणतो. तिथे ‘पुट अप विथ’ वापरलं तर ते क्रूर वाटेल. तिथे ‘बेअर’ हवं, ‘एन्ड्युअर’ हवं. ‘पुट अप विथ’ कशासाठी? वरच्या मजल्यावरच्या आवाजासाठी, उशिरा येणाऱ्या लोकलसाठी, सहकाऱ्याच्या चिडचिडीसाठी, आठवडाभर रेंगाळलेल्या दुखण्यासाठी. जे नकोसं आहे, बदलता येत नाही किंवा बदलायला जाण्यात अर्थ नाही, म्हणून जे कुरकुरत का होईना चालू देतो, ते. मराठीत त्याला नेमकं काय म्हणायचं?

मामा : चालवून घेणं.

भाची : चालवून घेणं. आणि हेही संयुक्त क्रियापदच आहे. ‘मी त्याची अरेरावी चालवून घेणार नाही’, ‘आय वोन्ट पुट अप विथ हिज बुलिंग.’ बघा, दोन्ही भाषांत हे बहुधा नकारासोबत येतं किंवा नाइलाजासोबत. ‘कान्ट’, ‘वोन्ट’, ‘हॅव टू’ हे त्याचे नेहमीचे शेजारी. आणि पुढे क्रिया सांगायची असेल तर ‘वेटिंग’, ‘लिव्हिंग’ असं रूप घ्यायचं. ‘आय कान्ट पुट अप विथ वेटिंग’. ‘टू वेट’ नाही.

मामा : आमचे इंग्रजीचे मास्तर मात्र बजावायचे की वाक्याचा शेवट ‘विथ’, ‘ऑफ’, ‘फॉर’ अशा शब्दांनी करायचा नाही. मग ‘हे सगळं मला चालवून घ्यावं लागतं’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘धिस इज व्हॉट आय हॅव टू पुट अप विथ.’ शेवट ‘विथ’नेच होतो.

भाची : होऊ द्या. त्या नियमामागे सतराव्या शतकातले कवी जॉन ड्रायडन आहेत. लॅटिनची शिस्त डोक्यात ठेवून त्यांनी या रचनेवर आक्षेप घेतला आणि स्वतःच्या आधीच्या लेखनातली अशी वाक्यंही नंतर बदलली. पण १९२६ साली एच. डब्ल्यू. फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध शैलीकोशात हा नियम अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारला. या तीन शब्दांना उलटं फिरवून शेवट ‘पुट’ने करणारं एक अवघडलेलं वाक्य चर्चिल यांच्या नावावर सांगतात. ते त्यांचंच असल्याचा पक्का पुरावा नाही, पण त्या वाक्याने दाखवलेली गोष्ट खरी आहे. हे तीन शब्द तोडून नियम पाळायला गेलं की इंग्रजी मोडतं.

मामा : आता माझा शेवटचा मुद्दा ऐक. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी जगभर एक नियंत्रित इंग्रजी वापरतात. वाचणारे नाना देशांचे, चुकीला जागा नाही. त्या इंग्रजीच्या नियमांत स्पष्ट सांगितलंय की दोन शब्द जोडून फ्रेझल व्हर्ब करू नका. म्हणजे जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे जाणकारांनी माझीच बाजू घेतली.

भाची : घेतली, आणि योग्यच केलं. ज्याला नेमकी, एकाच अर्थाची सूचना द्यायची आहे त्याने एका शब्दाचं क्रियापद वापरावं. अर्ज, करार, सरकारी पत्र, औषधाची सूचना, सगळीकडे. माझ्या मुलींनाही मी सांगते की पेशंटच्या नोंदीत ‘टॉलरेटेड’ लिहा, कारण ती नोंद दुसरा कोणी दहा सेकंदांत वाचणार आहे. पण पलंगापाशी बसून पेशंटशी बोलताना, ‘आर यू एबल टू टॉलरेट द नॉइज?’ असं विचारलं तर ते चौकशी अर्जासारखं वाटतं. ‘आय ॲम सॉरी यू हॅव हॅड टू पुट अप विथ द नॉइज’, तुम्हाला हा गोंगाट चालवून घ्यावा लागला, त्याबद्दल वाईट वाटतं. यात माणूस माणसाशी बोलतो.

मामा : म्हणजे लिहिण्यात मी, बोलण्यात तू.

भाची : आणि ऐकण्यात दोघंही. ऐकताना तिन्ही शब्द सुटे ऐकू येत नाहीत. ‘पुटपविथ’ असं एका दमात येतं, ‘अप’वर जोर पडतो आणि ‘विथ’ अर्धं गिळलेलं असतं. भूतकाळातही ‘पुट’ बदलत नाही, तेव्हा आज की काल हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवायचं. डोळ्यांनी वाचून पाठ केलेलं कानाला ओळखू येत नाही ते यामुळेच. यादी मोठ्याने म्हणायला हवी, वाक्यात म्हणायला हवी.

मामा : मग यादी छोटी तरी ठेव. पोरांना शेकड्यांनी पाठ करायला लावू नकोस.

भाची : छोटीच असते. गार्डनर आणि डेव्हिस यांच्याच अभ्यासात दिसलं की वीस साधी क्रियापदं आणि ‘अप’, ‘आऊट’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांसारखे आठ छोटे शब्द, एवढ्यांच्या जोड्यांनी त्या संग्रहातल्या निम्म्याहून जास्त फ्रेझल व्हर्ब्सची भरती होते. वीसही सगळी ओळखीची आहेत, ‘गो’, ‘कम’, ‘टेक’, ‘गेट’, ‘लुक’, ‘पुट’. तालुक्याच्या मुलाला महागडा क्लास नको. हे वीस आणि आठ शब्द त्याच्याजवळ आधीच आहेत. त्यांची सोबत तेवढी शिकायची आहे.

संवाद इथे संपला तरी एक प्रश्न मागे राहतो, तो मराठी माणसाच्या रोजच्या इंग्रजीचा. ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ असं आपल्याकडे सर्रास विचारतात आणि ‘तुम्ही राहता कुठे?’ असा त्याचा अर्थ घेतात. ब्रिटिश इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे चार दिवस हॉटेलात किंवा कुणाकडे उतरणं. कायम राहणाऱ्याला ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ असंच विचारतात. भारतात पहिला प्रश्न विचारला तर कुणाचा गैरसमज होत नाही, म्हणून त्यावर हसण्याचं कारण नाही. पण परदेशी माणसाने तोच प्रश्न केला तर तो आपला मुक्काम विचारतो आहे, घराचा पत्ता नव्हे, एवढं लक्षात असावं. भारतीय वापराबद्दल न लाजणं आणि तो कुठवर चालतो हे ओळखणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात.

मामांची बाजू लेखनासाठी खरी आहे. परीक्षेच्या उत्तरात, अर्जात, करारात एका शब्दाचं क्रियापद घ्यावं, तिथे ते जास्त सुरक्षित असतं. भाचीची बाजू माणसांसाठी खरी आहे. घरी, दवाखान्यात, कामाच्या जागी इंग्रजी बोलणारा माणूस ‘पुट अप विथ’च म्हणणार, आणि ते न कळणं म्हणजे त्याचं सांगणं अर्धंच कळणं. म्हणून ओळखायच्या जोड्या भरपूर ठेवाव्यात, वापरायच्या मोजक्या, आणि दोन्ही नामासकट, वाक्यासकट शिकाव्यात. सुटा ‘पुट अप’ वहीत लिहून त्यापुढे आठ अर्थ मांडण्याची सवय शिक्षकांनी सोडावी. फळ्यावर ‘पुट अप अ नोटीस’ लिहावं, मग ‘पुट इट अप’ लिहावं आणि वर्गाकडून दोन्ही मोठ्याने म्हणवून घ्यावं.

शिकणाऱ्याने सुरुवात ‘पुट अप विथ’पासूनच करावी. तुम्हाला रोज नाइलाजाने काय चालवून घ्यावं लागतं, ते आधी मराठीत ठरवा. पाण्याची वेळ असेल, बसची गर्दी असेल, शेजारच्या बांधकामाचा आवाज असेल. मग ‘आय हॅव टू पुट अप विथ’ने सुरू होणारी तीन खरी वाक्यं लिहा, ‘अप’वर जोर देऊन मोठ्याने म्हणा आणि त्यातलं एक आजच कुणाला तरी बोलून दाखवा.